तोड कुणाच्या हातात: सरपंच झालेल्या एका ऊसकऱ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण करवीर तालुक्यातल्या, पंचगंगेच्या काठावरच्या एका गावातलं आहे. गावाचं नाव दिलेलं नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत. त्या शेतकऱ्याला शंकर म्हणू, त्याच्या बायकोला सुनीता. मी त्या गावच्या विकास सेवा सोसायटीत सचिव होतो, आता निवृत्त आहे. शंकरचं पीककर्जाचं खातं बरीच वर्षं माझ्या हाताखालून गेलं, म्हणून या गोष्टी मला जवळून दिसल्या. दोघांनी होकार दिल्यावरच हे लिहिलं आहे.

शंकरचं रान साडेतीन एकर. त्यातला दोन एकर आडसालीचा, म्हणजे पावसाळ्यात लावून पुढच्या वर्षीच्या हंगामात तुटणाऱ्या उसाचा तुकडा नदीपासून जरा वर, बाकी नदीकाठच्या मळीत. गोठ्यात दोन म्हशी. शिक्षण बारावी. वयाच्या विशीत तो ऊसदराच्या चळवळीत ओढला गेला. जयसिंगपूरची ऊस परिषद त्यानं कधी चुकवली नाही. चळवळीचे नेते, शिरोळ तालुक्यातले राजू शेट्टी जिल्हा परिषदेतून सुरुवात करून 2004 ला आमदार आणि 2009, 2014 ला खासदार झाले. मताबरोबर नोटही देणारे शेतकरी शंकरनं त्या काळात डोळ्यानं पाहिले. आपल्यातला माणूस आत जाऊ शकतो, ही त्याची समजूत तिथली.

गावात त्याला मान मिळाला तो मात्र हिशेबामुळं. उसाचं बिल आलं की माणसं कागद घेऊन पारावर त्याच्याकडं यायची. 2017-18 च्या हंगामाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, होती साडेनऊ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीला) टनाला 2,550 रुपये, आणि पुढच्या प्रत्येक दशांश टक्क्याला 26 रुपये 80 पैसे. साडेबारा टक्के उतारा असला तर तीस दशांश वाढले, म्हणजे 804 रुपये; एकूण 3,354. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. हे तो सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर मांडून दाखवायचा. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, नाहीतर 15 टक्के व्याज, हे गावातल्या म्हाताऱ्यांनाही त्याच्यामुळं पाठ झालं होतं.

आता गावाची घडण. आमच्याकडं शेतकऱ्याचं घर चार दोऱ्यांवर टांगलेलं असतं: कारखान्याची तोड (ऊस तोडून न्यायची पाळी), सोसायटीचं कर्ज, दूध संस्थेचं बिल आणि पाणीपुरवठा संस्थेचा फेर. आमच्या गावात या चारही दोऱ्या एकाच गटाच्या हातात होत्या. विरोधी गट नावाला होता. त्याचीही सोयरीक तिकडंच.

पेच

2017 साली सरपंच थेट जनतेतून निवडायचा कायदा झाला. गावचं पद त्या वेळी खुलं होतं. आंदोलनातली पोरं शंकरच्या मागं लागली. त्याचंही मन होतं. त्याचं म्हणणं साधं होतं: आपण हायवे अडवतो, कारखान्याच्या गेटवर बसतो, दर थोडाफार वाढवून घेतो, पण गावात परत आलो की संध्याकाळी त्यांच्याच कट्ट्यावर कर्ज मागायला उभं राहतो. गावात काहीतरी आपलं पाहिजे.

घरी त्यानं विषय काढला तेव्हा मी तिथं होतो. सुनीता भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता एवढंच विचारलं, “निवडून आलासा तर आपला ऊस कोण न्हेणार?”

शंकर म्हणाला, रानाकडं कोण बघणार म्हणतीस का? ती म्हणाली, “रानाकडं मी बघतो. ऊस न्हेणार कोण, त्ये तेवढं सांगा.”

त्या दिवशी याचं उत्तर कुणी दिलं नाही. मीही नाही. पुढचं सगळं प्रकरण त्या प्रश्नाभोवतीच फिरलं.

समोर होते ते रस्ते

पहिला रस्ता म्हणजे चळवळीतच राहणं. त्यात धोका कमी होता. कार्यकर्त्याला कुणी फारसं दुखावत नाही, कारण दर वाढला तर गटातल्या लोकांच्या उसालाही वाढतो.

दुसरा, सत्ताधारी गटानं पुढं केलेला. उपसरपंचपद आणि पुढच्या खेपेला सोसायटीत संचालकपद. मी तेव्हा शंकरला हाच घ्यायला सांगितलं होतं. आत जाऊन चार कामं करता येतील, असं मला वाटत होतं. आता वाटतं की तो आत गेला असता आणि पारावरचा हिशेब बंद पडला असता.

तिसरा रस्ता स्वतःचं पॅनेल. अकरा जागांपैकी सहाच ठिकाणी उमेदवार मिळाले. बाकीच्यांच्या घरी संध्याकाळी कुणीतरी जाऊन आलं होतं.

शंकरनं तिसरा धरला. खर्चाला पैसे नव्हते. पोरांनी वर्गणी काढली ती डिजिटल फलकांत आणि प्रचाराच्या गाडीच्या डिझेलात संपली. मग त्यानं एका सोयऱ्याकडून हातउसने घेतले. आकडा मला नंतर कळला.

निवडणूक आणि पहिलं वर्ष

थोडक्या मतांनी का होईना, तो निवडून आला. पण पॅनेलचे चारच सदस्य आले, सात समोरचे. थेट सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही. त्यानंतरही तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेचं गुप्त मतदान. त्यामुळं खुर्ची पक्की होती. बैठकीत मात्र त्याचा प्रत्येक विषय सात विरुद्ध चार असा पडायचा. म्हणून त्यानं ग्रामसभेवर भर दिला. लोक यायचे, कारण तो जमाखर्च वाचून दाखवायचा, तोही पारावरच्या पद्धतीनं, आकडा सुटा करून.

अशाच एका ग्रामसभेत गायरानाच्या मोजणीचा ठराव झाला. गायरानातल्या काही गुंठ्यांवर गटाच्या पुढाऱ्याच्या भावकीचं खताचं गोदाम होतं. ठराव हात वर करून मंजूर झाला. माझ्या मते हा पहिला मोठा निर्णय होता. शंकरनं तो बरोबर कारणासाठी घेतला, पण त्याची किंमत किती आणि कुठल्या बाजूनं वसूल होईल, याचा अंदाज त्यानं घेतला नव्हता.

तोड

त्याची आडसालीची लागण जुलै 2017 ची, निवडणुकीच्या आधीची. म्हणजे 2018 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, सोळा-सतरा महिन्यांचा होऊन तो ऊस जायला हवा होता. नोव्हेंबर गेला. बांधाशेजारच्याचा ऊस गेला, त्याच्या पलीकडचाही गेला. चिटबॉय, म्हणजे उसाची नोंद आणि तोड बघणारा कारखान्याचा माणूस, म्हणायचा, क्रमपाळी आली की टोळी पाठवतो.

डिसेंबरात शंकर कारखान्याच्या गट ऑफिसला गेला. तिथल्या यादीत त्याच्या उसाची लागण ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातली दाखवली होती. दीड महिना मागं. नोंद करायला चिटबॉय जुलैत बांधावर आला होता, वहीत काहीतरी लिहून गेला होता. “मांडली बघा, सरपंच,” असं म्हणायची तेव्हा वेळ नव्हती, तेव्हा तो नुसता शंकर होता. पावती दिली नाही आणि यानं मागितली नाही. दुसऱ्यांची बिलं तपासणारा माणूस स्वतःच्या नोंदीची पावती घ्यायला विसरला. त्याला हे फार लागलं. आजही विषय निघाला की तो गप्प होतो.

उसाला तुरा आला. तुरा आल्यावर वाढ थांबते, आणि दोन-अडीच महिने गेले की आत दशी पडायला लागते. जानेवारीत त्यानं एक ऊस मधोमध चिरून मला दाखवला. मधली पेरं पांढरी, भुसभुशीत, भिजवून वाळवलेल्या कापसासारखी. बोटानं दाबलं तर रस निघाला नाही.

याच सुमारास गटाच्या पुढाऱ्याचा निरोप आला: एकदा बंगल्यावर येऊन भेट. भेटायला जाणं म्हणजे काय, हे आमच्याकडं सांगावं लागत नाही. मोजणीचा ठराव मागं पडेल आणि दुसऱ्या दिवशी टोळी येईल.

त्या आठवड्यात त्याच्या ओसरीवर चार दिवस हीच चर्चा चालली. वाट बघत बसायचं, तर वजन घटत होतं. वर लेखी अर्ज करायचा, तर सोबत नोंदपावती जोडायची होती. दुसऱ्या कारखान्याला गेटकेन, म्हणजे बाहेरचा ऊस म्हणून घालायचा, तर तिथंही आधी नोंद असलेल्यांची रांग, आणि टोळीची खुशाली, ड्रायव्हरची एंट्री, हे वरचे पैसे वेगळे. एकानं सुचवलं, रात्री काडी लाव. जळीत ऊस थांबवता येत नाही, बिलात कपात होईल पण जाईल तरी. यावर शंकरची आई बोलली. म्हणाली, पाचट जळलं की खोडव्याचे डोळे भाजतात, पुढच्या वर्षी काय खाशील? खोडवा म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणारं पुढचं पीक. विषय तिथंच मिटला.

राहिलं गुऱ्हाळ.

गुऱ्हाळ, सोसायटी आणि 30 जून

कोल्हापूरचा गूळ नावाजलेला असला तरी गुऱ्हाळं आता गावोगाव राहिलेली नाहीत. चार मैलांवर एक चालू होतं. जानेवारीच्या शेवटी शंकरनं एक एकर तिकडं घातला. तोडणी भावकीतल्या आणि चळवळीतल्या पोरांनी केली.

मी एका रात्री तिथं गेलो होतो. काहिलीत रस उकळत होता, भेंडीच्या चिकानं मळी वर आली होती आणि गुळव्या ती काढत होता. शंकर चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाडं आत सारत होता. रात्री दहाला गावातली एक बाई पोराला घेऊन आली. पोराला सकाळी कॉलेजात रहिवासी दाखला द्यायचा होता. शंकरनं हात पुसले, पण गूळ असा पुसून जात नाही. सही झाली तिच्याशेजारी तपकिरी अंगठा उमटला. ती म्हणाली, राहू दे, सरपंचाचाच हाय. तेवढ्यात गुळव्यानं पाक पाण्याच्या वाटीत सोडला, बोटांनी गोळी केली, वाटीच्या कडेवर टक्कन वाजवली आणि ओरडला, उतरवा. शंकर कागद तिच्या हातात देऊन काहिलीच्या कड्याला धावला.

गूळ मार्केट यार्डात गेला. पैसे रोख आले. पण निवडणुकीला ज्यानं हातउसने दिले होते तो सोयरा आधी दारात उभा होता. तोडणीचं, गुऱ्हाळाच्या भाड्याचं, पाणीपट्टीचं देणं वेगळं. दुसरा एकर अखेर मार्चच्या मध्याला कारखान्यानं तोडला. ज्या रानात एकरी 62 टन निघाला होता तिथं 48 टन भरला. त्या हंगामात साखरेला उठाव नव्हता, बऱ्याच कारखान्यांनी एफआरपी तुकड्यातुकड्यानं दिली. मार्चमध्ये गेलेल्या त्याच्या उसाचं बिल जून उजाडला तरी आलं नाही.

इथं दुसरी दोरी ताणली गेली. आमच्याकडं पीककर्जाची वसुली उसाच्या बिलातून परस्पर होते, शेतकऱ्याला तारीख लक्षात ठेवावी लागत नाही. शंकरवर 96,000 रुपये मुद्दल होतं. एकर गुऱ्हाळाला गेला, दुसऱ्याचं बिल अडकलं, म्हणजे वसुली शून्य. 30 जूनच्या आत भरलं नाही तर व्याजाची सवलत जाते, खातं थकीत होतं, नवं कर्ज मिळत नाही, आणि थकबाकीदाराला सोसायटीची निवडणूकही लढवता येत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मला सोसायटीत सांगण्यात आलं, त्याला आठवण करू नका, तारीख चुकू दे. मी रात्रभर झोपलो नाही. पगार गटाच्याच माणसांच्या सहीनं निघायचा. सकाळी मी सगळ्याच थकबाकीदारांच्या नोटिसा काढल्या, शंकरची स्वतः नेऊन दिली आणि पोच घेतली. नोटीस काढणं माझं कामच होतं. पण तोंडानं न सांगता कागद पुढं केला, घरात बसलोसुद्धा नाही, याची खंत आहे.

त्यानं 58,000 जमवले होते. बाकी रकमेसाठी सुनीतानं म्हैस विकली. 27 जूनला ती स्वतः पैसे घेऊन सोसायटीत आली आणि मी पावती फाडेपर्यंत काउंटरपाशी उभी राहिली.

ऑगस्ट 2019

पाच आठवड्यांनी महापूर आला. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोक्याची 43 फूट. त्या वेळी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. हायवे बंद पडला, गावाची खालची बाजू पूर्ण बुडाली.

तोड उशिरा मिळण्याचं खरं नुकसान मला पाणी ओसरल्यावर उमगलं. शेजारचा ऊस नोव्हेंबरात गेला होता, त्याचा खोडवा नऊ महिन्यांचा, डोक्याच्या वर. त्या उंचवट्यावरच्या रानात त्याचे बरेचसे शेंडे पाण्याबाहेर राहिले आणि ऊस वाचला. शंकरचा खोडवा पाच-सहा महिन्यांचा, छातीएवढा. शेंडा आठवडाभर पाण्याखाली गेला आणि अख्खं रान कुजलं. बांध एकच. एका बाजूला हिरवं आणि दुसऱ्या बाजूला काळं.

त्याच दिवसांत त्याच्यापुढं सगळ्यात अवघड निर्णय आला. पूरग्रस्त कुटुंबाला ग्रामीण भागात 10,000 रुपये, त्यातले 5,000 रोख. वरच्या गल्लीत पाणी शिरलं नव्हतं, पण वरच्या गल्लीनंच त्याला निवडून आणलं होतं. लोकांचं म्हणणं एकदम खोटं नव्हतं: आमचं घर कोरडं, पण रोजगार बुडाला, दूध ओतून दिलं. पंचनाम्यावर पंच म्हणून त्याची सही लागणार होती. त्यानं कोरड्या घरांच्या यादीवर सही केली नाही. स्वतःच्या रानाचा पंचनामा सगळ्यात शेवटी करायला लावला. अंतिम यादी चावडीवर मोठ्यानं वाचली. त्या रात्री वरच्या गल्लीतून त्याच्याशी बोलायला कुणी आलं नाही.

पुढं काय झालं

गायरानाची मोजणी झाली. रेंगाळली, मध्ये कोरोना आला, पण झाली. प्रकरण वर जाणार हे दिसल्यावर गोदाम त्यांनीच हलवलं. 2021 ला पाणी पुन्हा 55 फुटांच्या वर आलं. तेव्हा माणसं आणि जनावरं आदल्या दिवशीच हलवली होती.

2022 च्या सुरुवातीला सोसायटीची निवडणूक लागली. शंकर थकीत नव्हता, म्हणून अर्ज भरता आला. तेरापैकी पाच जागा त्याच्या बाजूच्या आल्या, त्यातला एक तो. डिसेंबर 2022 मध्ये ग्रामपंचायत लागली तेव्हा सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं. सगळे सुनीताकडं गेले. तिनं नकार दिला. “पाच वर्सं ऱ्हायल्यालं रान आधी वर काढतो,” म्हणाली. पॅनेल पडलं. वरच्या गल्लीतल्या पेट्यांनी पाडलं, हे सगळ्यांना माहीत आहे.

वेगळं काय करता आलं असतं

नोंदपावतीचं सांगून झालंच आहे. पण ती एक पावती असती तरी काम भागलं नसतं. अर्ज भरायच्या आधी शंकरनं आपल्या चारही दोऱ्या मोजायला हव्या होत्या. दुसऱ्या कारखान्याकडं निम्म्या उसाची नोंद करायला त्याला 2017 च्या जुलैत काहीच अडचण नव्हती; सरपंच झाल्यावर ती झाली. आता तो एक एकर एकीकडं, एक दुसरीकडं घालतो आणि थोडा तुकडा गुऱ्हाळाला ठेवतो. दर थोडा कमी-जास्त मिळतो, ते त्यानं मान्य केलं आहे.

हातउसने घेऊन निवडणूक लढवणं ही त्याची मला सगळ्यात मोठी चूक वाटते. गुळाचे पैसे सोसायटीत न येता त्या सोयऱ्याकडं गेले, म्हणून म्हैस गेली. वर्गणी डिझेलात जाऊ न देता घरोघर फिरून लढला असता तर पडलाही असता कदाचित, पण देणं झालं नसतं.

गायरानाच्या ठरावाबद्दल आमचं एकमत नाही. मला वाटतं, ऊस गेल्यावर म्हणजे मार्चच्या ग्रामसभेत तो घ्यायचा. शंकर म्हणतो, लोक त्या दिवशी जमले होते, हात त्या दिवशी वर झाले, मार्चमध्ये झाले नसते. त्याचं चुकीचं आहे असं मला ठामपणे म्हणता येत नाही.

पुराच्या यादीत नाही म्हणणं योग्यच होतं. फक्त यादी पक्की झाल्यावर वाचण्याऐवजी पाणी ओसरतंय तेव्हाच, कोणतं घर का बसतं आणि का नाही, हे वरच्या गल्लीत जाऊन बसून सांगायला हवं होतं. पारावर इतकी वर्षं उसाच्या बिलाचं त्यानं तेच केलं होतं. त्या आठवड्यात मात्र तो तीन तास झोपत होता, आणि बरोबर बसणारं दुसरं कुणी त्यानं तयार केलं नव्हतं.

लिहून झाल्यावर मी हे दोघांना वाचून दाखवलं. शंकरनं 62 आणि 48 चे आकडे काटापावत्या काढून तपासले, बरोबर म्हणाला. सुनीतानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “आण्णा, म्हैस विकली एवढंच लिवलंयसा. तिचं तिसरं वेत हुतं, त्ये बी घाला.”